मागचा उतारा

डुमस, ९ नोव्हेंबर २०२४

निंबा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून ते तसंच परत पाठवू नकोस. आत आजारपणाची बातमी नाही, कोणी गेलेलं नाही. तुझी वहिनी ठीक आहे. गुडघे सोडले तर मीही ठीक आहे. तुला फोन लावला की तू उचलत नाहीस, म्हणून चौदा वर्षांनी पेन हातात घेतलं. ललित हसला. म्हणाला, "पप्पा, आता पत्र कोण लिहितं?" मी म्हटलं, ज्याचा सख्खा भाऊ फोन उचलत नाही तो लिहितो.

दर्याबाग हॉटेल विकलं, हे सांगायला लिहितोय. विकलं म्हणजे बोलणी पक्की झालीत, सह्या जानेवारीत. फिरोजशा बावाजी गेले त्याला आता पाच वर्षं होतील. त्यांची मुलगी पेरीनबेन मुंबईहून महिन्याकाठी यायची, गळकी छपरं बघायची, कपाळाला हात लावायची आणि परत जायची. एकटी बाई, तिने तरी किती ओढायचं? तिच्या पणजोबांनी इंग्रजाच्या काळात हॉटेल बांधलं, गिरणीवाले शेठ मे महिन्यात सहकुटुंब हवा खायला यायचे, हे तू बावाजींच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं असशील. आता हवा खायला डुमसला कोण येतं? रविवारी टोळकी येतात, टमाट्याची भजी खातात, काळ्या वाळूत गाडी रुतवून घेतात आणि ती काढायला आपल्या वॉचमनला हाका मारतात.

बाकीचे नोकर गेले. मागच्या दोन खोल्यांत मी आणि उषा तेवढे उरलोत. भटारखान्यातल्या आठ शेगड्यांपैकी एक चालू आहे. तिच्यावर मी वॉचमनसाठी दिवसातून चार वेळा चहा करतो आणि स्वतःला आचारी म्हणवून घेतो.

आता मुद्द्याचं. मागच्या खोल्यांचा कागद बावाजींनी मला दिला होता, तो तुला माहीत आहे. नवा मालक म्हणतो, जुन्या नोकराचा हक्क निघत असेल तर आम्ही दोन खोल्यांचा फ्लॅट देऊ, आम्हाला भांडण नको. फक्त कागद दिला तेव्हा हजर असलेला माणूस पाहिजे. बावाजी व्हरांड्यात बसले होते, मी समोर उभा होतो आणि तू चहाचा ट्रे घेऊन आला होतास. दुसरं कोणी नव्हतं. तू एक दिवस ये, वकिलासमोर बोल आणि जा. स्टेशनवर घ्यायला मी येईन.

आपल्यात जे झालं ते झालं. दोघांचंही चुकलं असेल.

तुला आणि नूतनला जोडीने आशीर्वाद.

हिलाल


डुमस, १ डिसेंबर २०२४

निंबा,

तीन आठवडे झाले. पोस्टमन आता मला लांबूनच हात हलवतो, म्हणजे नाही. गावात पत्रं पोचत नाहीत असं तर नाही ना? तसं असेल तर हेही पोचणार नाही, आणि मग मी कोणाशी बोलतोय?

मागच्या आठवड्यात नव्या मालकाची माणसं आली होती. दोन मुलगे, एक मुलगी, तिघांच्याही गळ्यात ओळखपत्रं. पुढचा व्हरांडा आणि लाकडी जिना तेवढा ठेवणार आहेत, कारण जुनं दिसलं की भाव चढतो. मागचं सगळं पाडून बंगले बांधणार. त्यांना ते विला म्हणतात. नाव मात्र दर्याबागच ठेवणार. थोडक्यात, तोंड ठेवायचं आणि पोट काढायचं. त्यातल्या मुलीला कोणीतरी सांगितलं की मी इथला सर्वांत जुना माणूस. तिने मला पांढरी उंच टोपी घालायला लावली (अशी टोपी मी अठ्ठावीस वर्षांत कधी डोक्यावर घेतली नव्हती), हातात पळी दिली आणि रिकाम्या पातेल्याजवळ उभं करून फोटो काढले. म्हणाली, "अंकल, थोडा स्माइल." फोटो त्यांच्या पुस्तकात छापणार आहेत. ज्यांचा फोटो पुस्तकात, त्यांनाच घर रिकामं करायची नोटीस. उषाला इतकं हसू आलं की तिला बसावं लागलं. मग ती हसायची थांबली आणि तशीच बसून राहिली.

तू गेल्यापासून इथे काय काय गेलं ते सांगू? आधी समुद्र गेला. गेला म्हणजे आहे, पण चिखल झालाय. ओहोटीला इतका लांब जातो की पाहुणे विचारायचे, समुद्र कुठे आहे? पलीकडे हजीऱ्याच्या कारखान्यांची धुराडी दिसतात. बावाजींनी त्या बाजूच्या खिडक्यांना जाड पडदे लावले होते. मग डोक्यावरून विमानं सुरू झाली. मग महिना महिना राहणारी माणसं गेली आणि एका दिवसाची लग्नं आली. केटरर त्यांचे, भांडीही त्यांची. माझ्या भटारखान्यात त्यांची पोरं हात धुवायची. पात्रानी मच्छी कोणी मागेना, धनसाक कोणी मागेना. शेवटी शेवटी एक कुटुंब आलं होतं, त्यांनी माझ्या हातचं म्हणून मॅगी मागितली. केली. काय करणार?

आता वकिलाचं ऐक. कागदावर बावाजींच्या हातचं एकच वाक्य आहे, "पाछळनो उतारो हिलालनो", आणि खाली सही. गुजरातीत उतारो म्हणजे पाहुण्याने उतरायची, राहायची जागा. हे आता मला कोणी सांगायला नको. पण वकील म्हणतो, जमिनीच्या सरकारी कागदालाही इथे उतारोच म्हणतात, आपल्याकडच्या सातबाराच्या उताऱ्यासारखा. म्हणजे मागच्या खोल्या हिलालने राहायच्या, असाही अर्थ निघतो. मागची जागा हिलालच्या नावावर, असाही निघतो. मग देताना शेठ तोंडाने काय बोलले, यावर सगळं लटकलंय. ते बोलले, "ही जागा तुझी, कायमची." असंच बोलले होते, आठवतंय ना? तू एवढं वाक्य सांगितलंस की झालं.

यायचं जिवावर येत असेल तर शिंदखेड्याला जाऊन स्टॅम्पपेपरवर लिहून पाठव. तेही चालेल म्हणतात.

हिलाल


डुमस, ५ जानेवारी २०२५

निंबा,

नाही आठवत ना तुला ते वाक्य? कसं आठवेल. बावाजी ते बोललेच नव्हते.

आज रविवार. उषा सकाळी ललितकडे नवागामला गेली, तेव्हापासून मी ओट्यावर बसलोय. पहिल्या पत्रात मी दोघांचंही चुकलं असेल असं लिहिलं. ते वाक्य तेव्हापासून टोचतंय. तुझं काय चुकलं ते शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. सापडलं नाही.

बावाजींनी कागद दिला तेव्हा मी उतारो एवढा एकच शब्द ऐकला. तू टेबलं सांभाळायचास, गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तुझी गुजराती पक्की झालेली. मी शेगडीपुढचा माणूस. मला भाज्यांची नावं आणि शिव्या तेवढ्या यायच्या. आपल्या गावात उतारा म्हणजे एकच, तलाठ्याकडचा. ज्याच्या नावाचा उतारा त्याची जमीन. बावाजी पुढे काय काय बोलत होते, पण माझ्या कानात ढोल वाजत होते. त्या दिवाळीला गावी आलो तो छाती फुगवून. आबांना म्हटलं, "माले डुमसले उतारा भेटना. आते वावर निंबानं." आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तुला हॉटेलातून सुट्टी नव्हती म्हणून तू आला नव्हतास. मी तालुक्याला जाऊन हक्कसोड केला, वडिलोपार्जित शेतावर पाणी सोडलं आणि गावभर पेढे वाटले. काय तो रुबाब! परत आल्यावर पेंटर बोलावला आणि मागच्या भिंतीवर "हिलाल निवास" लिहून घेतलं.

ते तू पाहिलंस. दुपारच्या जेवणाची गडबड चालली होती. तू माझ्याजवळ आलास, आणि हळू, अगदी कानाशी बोललास. तुझे शब्द मला पाठ आहेत. "भाऊ, तो उतारा नही, उतारो शे. ऱ्हावानी जागा. शेठ म्हणे जवलोंग काम, तवलोंग. नाव पुसी टाक, लोक हसतीन. अर्धं वावर मी परत तुना नाववर करी देस."

काम आहे तोवरच राहायचं, हे तू कानात सांगितलंस, पण मला वाटलं तू साऱ्या भटारखान्याला ओरडून सांगतोयस. माझ्या हातात तेलातला झारा होता. तो तुझ्या खांद्यावर बसला. लोकांना मी सांगितलं, निसटला. उषालाही तेच सांगितलं. तिने तुझ्या खांद्याला हळद लावली आणि माझ्याकडे बघितलं, तरी मी तेच म्हणालो. तो निसटला नव्हता, निंबा. मी मारला. वर तोंड करून म्हणालो की भावाच्या जिवावर राहतोस आणि भावाचं बरं झालेलं बघवत नाही तुला. तू पिशवी उचललीस आणि जेवण न करता गेलास.

तुझं म्हणणं खरं आहे हे मला केव्हा कळलं, असं कोणी विचारलं तर मी आजवर म्हणायचो, वकिलाने सांगितलं तेव्हा. खोटं. तू गेल्यावर आठवड्याच्या आत मी स्वतः चुना कालवून भिंतीवरचं नाव पुसलं. कळलं नसतं तर पुसलं असतं का? कळलं होतं, आणि तरी चौदा वर्षं मी तुला आणायला आलो नाही. आबांच्या दहाव्यालाही दोन दिवस उशिरा आलो, तुझ्यासमोर बसावं लागू नये म्हणून. गाडी चुकली असं सांगितलं होतं. गाडी चुकली नव्हती.

आता सगळं सांगून झालं. आणि तरी मी तुझ्याकडे तेच मागतोय. लाज सोडून मागतोय. ललित पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंगमध्ये बारा तास उभा असतो. नवागामच्या एका खोलीत चार माणसं झोपतात, पाचवं आलं तर दार लागत नाही. फ्लॅट मिळाला तर त्याची पोरं हातपाय पसरून झोपतील. सोळा तारखेला पेरीनबेन येणार आहे, तेव्हा कोणाकोणाचा हक्क ते लिहून देणार आहे. बावाजी "कायमचं" म्हणाले, एवढं लिहून पाठव. मला माहीत आहे ते खोटं आहे. तुलाही माहीत आहे. बाकी कोणाला माहीत नाही.

हिलाल


डुमस, १७ जानेवारी २०२५

निंबा,

तुझं काही आलं नाही, ते बरंच झालं.

पेरीनबेन काल आली. आमचा गॅस नोटिशीबरोबरच तोडला होता. वॉचमनची शेगडी आणून मी तिला अकूरी करून दिली, अंड्यात कोथिंबीर आणि आलं जरा जास्त, बावाजींना आवडायची तशी. व्हरांड्यात बसून ती खात होती. सुरूच्या झाडांवर उत्तरायणाचे पतंग फाटून लटकले होते. ललित रजा टाकून आला होता, तो खांबाशी उभा होता. उषा आत.

खाऊन झाल्यावर पेरीनबेनने फाइल उघडली. साक्षीदार आला नाही, असं ललितच म्हणाला. पेरीनबेनने हात झटकला. दिवसभर सह्या करून तीही दमली होती. मला म्हणाली, "साक्षीदार रहेवा दे, हिलाल. तू मने कहे, पप्पाए शुं कह्युं हतुं? तू जे कहेशे ते हुं लखी आपीश."

मी जे सांगेन ते ती लिहून देणार होती. साक्षीदार नको, काही नको. दोन महिने मी तुझ्या पाया पडत होतो, आणि लागत होता तो फक्त माझ्या तोंडचा एक शब्द. ललितने मला डोळ्यांनी खुणावलं. मी तोंड उघडलं. दुसऱ्याला खोटं बोलायला सांगणं मला सोपं गेलं होतं, तीन तीन पत्रं लिहिली. स्वतः बोलायची वेळ आली तर ते बाहेर येईना. मोठा सद्गुणी झालो असं समजू नकोस. मी दमलो होतो रे. चौदा वर्षं एकच खोटं सांभाळून माझ्या अंगात आणखी एक सांभाळायची ताकद उरली नव्हती. मी म्हटलं, "बेन, बावाजीए रहेवा माटे आपेलुं. काम करुं त्यां सुधी." म्हणजे नुसतं राहायला, काम आहे तोवर.

तिने माझ्याकडे बघितलं. "ठीक छे," म्हणाली आणि फाइलवर एक रेघ मारली. होळीपर्यंत राहा, तोवर कोणी उठवणार नाही, असं सांगून गेली. जाताना जिन्याच्या कठड्यावरून तिने एकदा हात फिरवला.

ललित तडक पायऱ्या उतरला. भांडला असता तर बरं वाटलं असतं. गाडीला किक मारली आणि गेला, पाणीसुद्धा घेतलं नाही. सकाळपासून त्याचा फोन लागत नाही. आपल्या घराण्याची ही तऱ्हा दिसते.

उषाने ताट वाढलं. मी म्हटलं, आता कुठे जायचं ते विचार तरी. ती म्हणाली, "ते मंग दखसूत. जेवी ल्या." मग ताट उचलताना म्हणाली, "झारा निसटना नव्हता, ते माले तवयच माहीत व्हतं."

तर आता तू काही करू नकोस. आमची काळजी करू नकोस. आम्ही ललितकडे जाऊ, तिथे भरपूर जागा आहे. गावात कोणी विचारलं तर सांग, भाऊचं सगळं व्यवस्थित झालं.

हिलाल


डुमस, २७ जानेवारी २०२५

निंबा,

आज पाकीट आलं. उषाने फोडलं. आत चिठ्ठी असेल म्हणून तिने ते उलटं करून झटकलं. चिठ्ठी नव्हती. नुसता स्टॅम्पपेपर. तारीख पंधरा जानेवारी, म्हणजे मी पेरीनबेनसमोर तोंड उघडलं त्याच्या आदल्या दिवसाची. माझं तिसरं पत्र मिळाल्यावर तू शिंदखेड्याला गेलास. मी सगळं खरं लिहिलं होतं, झाऱ्याचं, चुन्याचं, आबांच्या दहाव्याचं. ते वाचून तू गेलास.

मी ते मोठ्याने वाचलं. "मी निंबा, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की सदर जागा शेठजींनी माझे वडीलबंधू हिलाल यांना कायमची दिली, हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. माझे वडीलबंधू जे सांगतात ते खरे आहे."

तुला एक विचारू? बावाजींच्या वेळी कलेक्टरसाहेबांच्या टेबलावर तू सांगितलं होतंस की आज पापलेट घेऊ नका, कालचं आहे. मी तुला किती बोललो होतो! तू म्हणालास, मग त्यांनी विचारलं कशाला? असा तू. तालुक्याच्या चार ओळखीच्या माणसांसमोर तू ही सही कशी केलीस? सहीच्या शेवटच्या अक्षराचा काना पार रेघेबाहेर गेलाय.

वकिलाला पोस्टमनकडून कळलं असावं, दुपारी त्याचा फोन आला. म्हणाला, कागद आला असेल तर अजून वेळ आहे, पेरीनबेनने अजून शेवटचं लिहून दिलेलं नाही, तुम्ही त्या दिवशी गोंधळलात असं सांगू. ललितलाही त्याने सांगितलं असावं, कारण दहा दिवसांनी ललितचा फोन आला आणि तो पुन्हा "पप्पा" म्हणाला. मी दोघांनाही सांगितलं की पाकिटात काही नव्हतं. निंबाने काही लिहून दिलेलं नाही. ललितने फोन ठेवला. तो आता पुन्हा कधी करेल मला माहीत नाही.

हेही खोटंच बोललो, पण त्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही. तुझा कागद मी वकिलाच्या हातात जाऊ देणार नाही. कोर्टात उद्या कोणी तुला उभं करून विचारलं असतं तर तू काय केलं असतंस ते मला माहीत आहे. माझ्यासाठी पुन्हा तेच बोलला असतास. मी ते ऐकू शकलो नसतो. तो कागद पेटीत आहे, उषाच्या साड्यांखाली. फाडणार नाही. माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी कधी लिहिलेलं नाही, आणि त्यातलं एक अक्षर खरं नाही.

मागच्या पत्रात लिहिलं की ललितकडे भरपूर जागा आहे. कसली जागा! तुला माहीत आहे, मीच आधी लिहिलं होतं. परवा उषा बाजारातून दोरी घेऊन आली, भांडी बांधायला. भांडी बांधली, गादी बांधली आणि मग ती दोरीचं उरलेलं टोक हातात धरून उभी राहिली. पुढे काय बांधायचं आणि कुठे न्यायचं, ते तिने मला विचारलं नाही. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांना खोल्या तयार आहेत, या, बसा, म्हणत आलो आम्ही.

शेत मागत नाही. सही केली ती केली, ते तुझं आहे, तू कसलंस, तुझंच राहू दे. नूतनच्या चुलीपुढेही बसणार नाही, तिला माझ्या हातची सवय नाही. गोठ्याच्या बाजूला पडवी आहे ती चालेल. मी सकाळी उठून चहा करीन, तेवढं मला अजून येतं.

पाच पत्रं लिहिली. पहिल्याच पत्रात जे विचारायचं होतं ते विचारलं नाही, कारण तू नाही म्हणशील अशी भीती होती. साक्ष मागणं त्यापेक्षा सोपं वाटलं.

निंबा, आम्ही घरी येऊ का?

तुझा भाऊ,
हिलाल